तेवीस पाली, एकोणीस मोरपिसं

पाइपातून एकूण बावीस पिसं निघाली. एकोणीस मोराची, एक नीलपंखाचं, एक घुबडाचं, तेही लाल फडक्यात गुंडाळलेलं, आणि एक कावळ्याचं. कावळ्याचं त्यात कसं शिरलं हे कुणालाच सांगता येईना. कुसाबाईंनी ते चिमट्यात धरून उकिरड्यावर नेऊन टाकलं, आल्यावर पाय धुतले आणि मग चिमटाही धुतला. मोरपिसांत सर्वांत लांब एक मीटर बारा सेंटीमीटर भरलं, सर्वांत आखूड चौतीस सेंटीमीटर. रोहितने ठिबकच्या नळ्या मोजायची टेप लावून एकोणीसच्या एकोणीस मोजली आणि वहीत लिहून ठेवली. त्याच वहीत आदल्या पानावर पाली होत्या: ओसरी सहा, स्वयंपाकघर पाच, देवघर दोन, न्हाणी तीन, माडीवरची खोली सात. एकूण तेवीस.

घरातल्या पाली मोजायची वेळ सायखेड्यात याआधी कुणावर आली नसावी. रोहितवर आली, कारण त्याला लग्न करायचं होतं.

मुलगी ठरलेली होती, आवडलेली होती, दोन्ही घरांना पसंत होती. मंजुषा, नाशिकच्या इंदिरानगरची, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. एका प्रयोगशाळेत द्राक्षांवरची बुरशी तपासायचं काम करायची. दिवसभर बशीबशीत बुरशी वाढवणाऱ्या या मुलीने कॉलेजच्या सहलीत धामण शेपटीला धरून उचलली होती. फोटो होता. झुरळ तर ती बोटांत धरून त्याचे पाय मोजायची. पण पाल दिसली, की तिच्यातली शास्त्रज्ञ तिला सोडून पुढे पळायची आणि ती शास्त्रज्ञाच्या मागे.

साखरपुड्याला ओसरीवर तिची ओटी भरत असताना वरच्या वाशावरून एक पाल सुटली आणि थेट तिच्या उजव्या खांद्यावर पडली. मंजुषाने दोन पाट, एक समई आणि स्वतःचा सख्खा मामा एका उडीत ओलांडला. पुढच्या क्षणी ती अंगणापलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी होती, नारळ अजून पदरातच.

"उजवा खांदा!" रोहितची आत्या, भागुबाई, टाळ्या पिटत ओरडली. "पंचांगात लिवलंय, उजव्या खांद्यावर पडली की मान मिळतो! लय चांगलं झालं बाई!"

"मान नको," ट्रॉलीतून आवाज आला. "मला रिक्षा हवीये."

पाहुणे गेल्यावर रोहितने वाशाखालच्या जागेपासून ट्रॉलीपर्यंत टेप धरली. चौदा मीटर तीस सेंटीमीटर. का मोजलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. काही सुचलं नाही की तो मोजायचा.

दुसऱ्या दिवशी मंजुषाचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे तिने मुद्दे लिहून काढलेले होते.

"हे बघ रोहित, पाली किंवा मी, असलं सिनेमातलं मी काही बोलणार नाही. घर आहे, पाली असणार. बाकी घरात पाचपर्यंत मी सोसेन. पण आपल्या खोलीत शून्य."

"आणि एखादी निघाली तर?"

"तर इंदिरानगरला फ्लॅट बघू. तू रोज ये-जा कर."

रोज ये-जा म्हणजे काय, हे रोहितने वाटेतल्या द्वारकेच्या चौकात अडकून पुष्कळदा अनुभवलं होतं. पण प्रश्न चौकाचा नव्हता. त्याची एक एकर शेवंती होती. कृषी पदवी घेऊन नोकरीच्या मागे न लागता त्याने ती उभी केली होती. शेवंती उजाडायच्या आत तोडावी लागते, दिवेलागणीला तपासावी लागते, आणि मधल्या वेळेत तिच्याकडे नुसतं बघत बसावं लागतं; हे शेवटचं काम त्याला सर्वांत आवडायचं. इंदिरानगरला राहायचं तर मळा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागणार होता. मंजुषा किंवा शेवंती. आणि दोघींच्या मधोमध, माडीवरच्या खोलीत, सात पाली.

"एवढंच ना?" रोहितची आई, कुसाबाई, म्हणाल्या आणि त्यांनी माळ्यावरून तो पाइप काढला. चार इंची पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा, दोन्ही तोंडांना बोळे कोंबलेले. आत त्यांच्या आयुष्यभराची पिसं. बांधावर, विहिरीच्या काठी, बाभळीखाली पडलेली, एकेक वेचून आणलेली. "मोर सापाला खातो, मग पालीची काय टाप हाय? पीस बघितलं की तिला वाटतं मोरच आला."

"आई, पालीने मोर कधी पाहिला असेल?"

"तू कलेक्टर पाहिलाय का? मग त्याची गाडी आली की बाजूला का होतोस?"

आपण हे रीतसर करून बघू, एवढंच रोहित म्हणाला. सगळीकडे पिसं लावायची, पण स्वयंपाकघर बिनपिसाचं ठेवायचं, म्हणजे तुलना करता येईल. पिसांच्या खोल्यांतल्या पाली गेल्या आणि स्वयंपाकघरातल्या राहिल्या, तर पिसं खरी.

"म्हंजे माझ्याच डोक्यावर पाली ठेवायच्या?" कुसाबाई म्हणाल्या.

"पाच तर आहेत."

"पाच तुला. भाकरी मी थापते."

मग भागुबाई आणि कुसाबाई यांच्यात पिसांच्या शास्त्रावर जे बोलणं झालं ते तीन दिवस पुरलं. भागुबाई म्हणे, पिसं विषम हवीत. कुसाबाई म्हणे, वन्सं, देवाला विषम, पालीला कसलं विषम. भागुबाई म्हणे, पिसाचा डोळा दाराकडे हवा. कुसाबाई म्हणे, पाल दारातून येते का भिंतीवरून? नीलपंखाचं पीस गाईच्या वैरणीत घातलं की दूध वाढतं, यावर दोघींचं एकमत झालं. मात्र घरात गाय नव्हती, म्हणून ते पुन्हा पाइपात गेलं. घुबडाच्या पिसापाशी गाडी अडली.

"ते आधी बाहेर काढ कुसा. घुबडाचं पीस लग्नाच्या घरात? कुणाची वाईट नजर लागायची."

"वन्सं, घुबड लक्ष्मीचं वाहन हाय."

"वाहन दाराबाहेर लावायचं असतं!"

शेवटी घुबडाचं पीस ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये गेलं, कारण ते वाहन होतं आणि दाराबाहेर लावलेलं होतं. दोघींचंही समाधान झालं.

मोरपिसांची वाटणी अशी झाली: माडीवर नऊ, ओसरीवर पाच, देवघरात तीन, न्हाणीत दोन. एक मीटर बारावालं सर्वांत लांब पीस माडीच्या खोलीच्या दारावर. मुहूर्त पाडव्याचा. कुसाबाईंनी गुढी उभारली, कडुनिंब वाटला आणि शिडीवर चढल्या.

त्याच दिवशी त्याच मुहूर्तावर घरामागे आणखी एक काम सुरू झालं, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. रोहितचे वडील, भारत, यांनी शेवंतीत दिवे लावले. शेवंतीला दिवस मोठा वाटला तर ती फुलायचं लांबणीवर टाकते आणि नुसती उंच वाढते. म्हणून सुरुवातीचे तीस दिवस अंधार पडल्यावर चार तास दिवे लावून तिला फसवावं लागतं. दोनशे चाळीस पिवळे, जुने, तापणारे बल्ब. भारत दरवर्षी नवं काम पाडव्यालाच सुरू करायचे. त्यांची बायकोही.

चौथ्या दिवशी रोहितने साडेसात वाजता बॅटरी घेऊन मोजलं. तेवीसच्या चौदा झाल्या होत्या. आठव्या दिवशी नऊ. बाराव्या दिवशी चार, आणि माडीवरच्या खोलीत शून्य. त्याने पलंग हलवला, कपाट हलवलं, भिंतीवरचा आरसा काढला. शून्य.

कुसाबाईंना काही बोलायची गरजच उरली नाही. त्या नुसत्या चालायच्या, आणि चालण्यातून सगळं कळायचं. गल्लीतल्या बायका येऊन पिसं बघून जाऊ लागल्या. शेजारचे पुंजाभाऊ म्हणाले, "वहिनी, एखादं उसनं द्या, आमच्याकडं लय सुळसुळाट झालाय." कुसाबाई म्हणाल्या, "लग्न होऊ द्या भाऊ, मग बघू," आणि पुंजाभाऊंनी मान डोलावली, जणू काही औषधाचा साठाच संपला होता.

एकच गोष्ट रोहितला खुपत होती. स्वयंपाकघरातल्या पालीही गेल्या होत्या. पाचावरून एक. तिथे तर पीस नव्हतं.

त्याने डाळीचा डबा बाजूला केला. मागे पीस होतं. न्हाणीतल्या दोनांपैकी एक.

"आई!"

"तुझी तुलना झाली का? मग मला पीठ मळू दे."

त्या संध्याकाळी शेवंतीत दिवे लागल्यावर तो बांधावर गेला. माळांखाली किड्यांचे ढग उडत होते. पाकोळ्या, तुडतुडे, चिलटं, हिरवे नाकतोडे. सगळ्या सायखेड्याचे किडे जणू जेवणाचं आमंत्रण असल्यासारखे इथे जमले होते. त्याने बॅटरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर मारली. मग हळूच मोजलं. मग पुन्हा मोजलं. एकोणीस. काही ओळखीच्याही होत्या. न्हाणीतली अर्ध्या शेपटीची तर त्याला चांगलीच ठाऊक होती. पोट टम्म, नजर तृप्त.

म्हणजे मोर नाही, जेवण. घरातले किडे दिव्यांकडे गेले आणि पाली किड्यांमागे. तीस दिवसांनी दिवे उतरणार, आणि बत्तिसाव्या दिवशी लग्न.

तो माडीवर गेला आणि मंजुषाला फोन लावला. सगळं सांगायचं असं ठरवूनच.

"किती?" तिने विचारलं.

"घरात चार. खोलीत शून्य."

पलीकडून किंचाळी आली, पण ती आनंदाची होती. मग हसू. "तुझ्या आईंना सांग, मी त्यांना पिसांवर पेपर लिहून देते. तुला माहितीये, चौथीत मीही पिसावर प्रयोग केला होता. भूगोलाच्या पुस्तकात मोरपीस ठेवलं, वर पेन्सिलीच्या सालींचं खाद्य. सगळी मुलं म्हणायची, त्याला पिल्लू होतं. रोज उघडून मोजायचे. सात महिने एकच. आणि एक दिवस दोन!"

"दोन?"

"आठवीत कळलं, दुसरं पप्पांनी ठेवलं होतं. इतकी चिडले होते ना मी! सात महिन्यांचा सगळा डेटा वाया. पण अजून दोन्ही पिसं आहेत माझ्याकडे."

दिव्यांचं सांगायचं रोहितने पुढे ढकललं. "आकडे मात्र खरे आहेत हं," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर काहीच नव्हतं, हेच वाईट होतं.

तिसाव्या दिवशी दिवे उतरले. रोहितने मनाशी हिशेब मांडला: दोन दिवसांत पाली शेतातून घरापर्यंत येणार नाहीत, लग्नाचा दिवस निभेल, मग हळूहळू तिला सांगू. हिशेब बरोबर होता. फक्त त्यात त्याचे वडील नव्हते.

लग्न दुपारच्या मुहूर्तावर नाशिकच्या एका लॉन्सवर पार पडलं. वरात सायखेड्याला पोचायला सात वाजले. वळणावर गाडी आली आणि रोहितला घर दिसलं. पायापासून गच्चीपर्यंत पिवळंधमक. वाशांना, कठड्याला, तुळशीला, न्हाणीच्या पत्र्यालासुद्धा माळा.

"रोषणाई भाड्यानं कशाला आणायची?" पुढच्या सीटवरून भारत अभिमानाने मागे वळले. "शेतातल्याच लावल्या. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस. कालपासनं चालू हायेत!"

"कालपासून," रोहित म्हणाला.

घराभोवती किड्यांचं धुकं होतं. वाजंत्रीवाला एका हाताने सनई धरून दुसऱ्या हाताने तोंडासमोरचे किडे उडवत होता, त्यामुळे सूर तुटत होते. आणि भिंतींवर, वाशांवर, दाराच्या चौकटीवर पाली. गाडीतून उतरून दारापर्यंत चालतानाच रोहितने एकतीस मोजल्या. मोटारीच्या खोलीवरच्या एकोणीस आपलं सगळं गणगोत घेऊन आल्या होत्या. तोरणाच्या बरोबर वर, उंबऱ्याच्या मधोमध, अर्ध्या शेपटीची.

उंबऱ्यात तांदळाचं माप. अलीकडे मंजुषा. तिने पाय उचलला, वर पाहिलं, आणि पाय तसाच हवेत राहिला.

"शून्य म्हणाला होतास."

"तेव्हा शून्यच होत्या."

"तेव्हा म्हणजे?"

आणि रोहितने सांगून टाकलं. पाडवा, दिवे, किडे, मोटारीची खोली, एकोणीस. मागे दीडशे माणसं उभी होती, करवल्यांच्या हातात करे होते, सनईवाला थांबला होता.

"म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या?" मंजुषाचा पाय अजून हवेत होता.

"मुहूर्त होता."

"आणि कंट्रोल? एक खोली बिनपिसाची ठेवणार होतास ना?"

"ठेवली होती. आईने डाळीच्या डब्यामागे पीस लावलं."

"लावलं तर लावलं!" दारातून ओवाळणीचं ताट घेऊन कुसाबाई म्हणाल्या. "आन् दिव्यांचं काय काढलंय हे? अहो, बंद करा ते!"

भारत धावले आणि त्यांनी सगळं बंद केलं. क्षणभर मिट्ट काळोख. त्यात कुणीतरी म्हणालं, "आता त्या कुठं हायेत?" आणि दीडशे माणसांनी एकदम डोकी झाकली. भागुबाईच्या हातून करा पडला. "लावा, लावा!" असा एकच गलका झाला आणि दिवे परत आले. अर्ध्या शेपटीची चार बोटं खाली सरकली होती.

"पाल चुकचुकली," भागुबाई घाईघाईने म्हणाली. "शुभ असतं. म्हंजे खरं बोललं जातंय."

"आत्याबाई, ती चुकचुकली नाही," मंजुषा म्हणाली. "तो माझा आवाज होता."

कुणीतरी आधी हसलं. बहुतेक मंजुषाच. एका पायावर, नऊवारीत, मुंडावळ्या नाकावर आलेल्या, ती हसत होती आणि थरथरत होती, आणि कुठलं हसणं कुठलं थरथरणं ते वेगळं काढता येत नव्हतं. "खरंच मोटारीच्या खोलीवर जाऊन मोजल्यास?" तिने विचारलं.

"दोनदा."

"आणि मला सांगितलं नाहीस. पप्पांसारखाच निघालास." तिने पाय खाली टेकवला, उंबऱ्याच्या अलीकडेच. "आई, ते पीस द्या. सर्वांत लांब कुठलं?"

कुसाबाईंनी ताट भागुबाईच्या हातात कोंबलं आणि त्या वयात कुणी चढत नाही इतक्या वेगाने माडी चढून पीस घेऊन आल्या. मंजुषाने पीस टोकाला धरलं, हात ताणला, डोळे जवळजवळ मिटले आणि पिसाचा डोळा पालीच्या नाकासमोर नेला. पाल एक क्षण बघत राहिली. मग चौकटीवरून वळली आणि वाशात नाहीशी झाली.

"बघा! बघा! गेली का नाय?" कुसाबाईंनी दीडशे माणसांकडे वळून हात पसरले. "कोण म्हणतं दिवे?"

मंजुषाने माप ओलांडलं. तांदूळ पार देवघरापर्यंत गेले. मग ती पीस पुढे धरून ओसरीवरून निघाली, "सरका, सरका" म्हणत. मागे करवल्या, मागे भागुबाई, मागे सनई. लक्ष्मीच्या पावलांनी यायच्या सुनेची अशी वरात सायखेड्याने पाहिली नव्हती. माडीवरच्या खोलीत अकरा होत्या. तिने अकराही एकेक करून खिडकीबाहेर घालवल्या, प्रत्येकीला एक किंचाळी.

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या फ्लॅटवाल्याचा फोन आला. "नंतर बोलू," मंजुषा म्हणाली. "प्रयोग चालू आहे."

तिने रोहितची वही घेतली आणि नवं पान काढलं. एकोणीस पिसं, लांबीच्या उतरत्या क्रमाने. रोज दिवेलागणीला एक पीस, एक पाल. मुठीपासून पालीच्या नाकापर्यंतचं अंतर रोहितने टेपने मोजायचं. पहिल्या आठवड्यात पीस बदललं की भागुबाई जिन्यात येऊन उभी राहायची. "आज कितीचं गं?" "सत्त्याण्णवचं, आत्याबाई." "अगं बाई! जपून हां." पुंजाभाऊंना उसनं पीस मिळालं, पण सही करून. शेवंतीला कळ्या धरल्या.

"शेवटचं मात्र माझ्या पद्धतीने," विसाव्या संध्याकाळी मंजुषा म्हणाली. "कंट्रोल राहिलाय."

तिने पदर खोचला आणि भिंतीपाशी गेली. रोहितने टेप ओढली. मग तिने वहीत लिहिलं:

दिवस अठरावा. पीस एकेचाळीस सेंमी. अंतर एकोणचाळीस सेंमी.

दिवस एकोणिसावा. पीस चौतीस सेंमी. अंतर तेहेतीस सेंमी.

दिवस विसावा. पीस नाही. पाल पूर्ण वाढलेली, अर्ध्या शेपटीची. अंतर सत्तावीस सेंमी.